हजेरीपटावरची माणसं

नवी मालिका लावली की पहिल्या दोन भागांत मी एक गोष्ट शोधतो. यातला माणूस पोटासाठी काय करतो, आणि ते करताना तो आपल्याला दिसतो का? 'पोलीस आहे', 'डॉक्टर आहे', 'बिझनेस आहे' एवढं कळून भागत नाही. सकाळी तो कुठे जातो, कोणाला साहेब म्हणतो, कोणत्या कागदावर सही करताना त्याचा हात अडखळतो, महिन्याअखेरीस हातात किती पडतात, हे ज्या मालिकेला माहीत असतं ती बहुतेक वेळा शेवटपर्यंत पाहण्यासारखी निघते. सध्या टीव्हीवर आणि फोनवर इतकं काही येऊन पडतंय की निवडायला काहीतरी कसोटी हवीच. माझी ही आहे, आणि गेल्या काही वर्षांत तिने मला क्वचितच दगा दिलाय.

चित्रपटाकडे अडीच तास असतात. नायक वकील आहे हे एका प्रसंगात सांगून त्याला पुढे पळावं लागतं. मालिकेकडे सहा-आठ तास असतात, आणि ते भरायचे कशाने यावरच तिचा कस लागतो. खून, पाठलाग आणि कटकारस्थानं यांनीही ते भरतात. पण रोजचं काम दाखवायला, म्हणजे तेच टेबल, तीच रांग, तोच वरिष्ठ आणि त्यातून हळूहळू बदलत जाणारा माणूस दाखवायला जी सवड लागते, ती कादंबरीखालोखाल फक्त मालिकेकडे आहे. घरात प्रेमळ असलेला माणूस हाताखालच्याशी कसा वागतो, हे कळल्याशिवाय तो पूर्ण कळत नाही. म्हणून इथे ज्या मालिका सुचवतोय त्या सगळ्या कामाच्या मालिका आहेत. रहस्य, विनोद, गुन्हा, कुटुंब असे त्यांचे प्रकार वेगवेगळे आहेत, पण धागा हाच.

सुरुवात 'पंचायत'पासून करायला हरकत नाही, कारण ती बहुतेकांनी थोडीफार पाहिलेली असते. टीव्हीएफची ही मालिका अॅमेझॉन प्राइमवर एप्रिल २०२० मध्ये आली आणि २०२५ च्या जूनमध्ये तिचा चौथा सीझन झाला. लेखक चंदन कुमार, दिग्दर्शक दीपक कुमार मिश्रा. उत्तर प्रदेशातल्या बलिया जिल्ह्यातलं फुलेरा हे गाव (चित्रीकरण मात्र मध्य प्रदेशातल्या सिहोर जिल्ह्यातलं) आणि तिथे ग्रामपंचायतीचा सचिव म्हणून रुजू झालेला अभिषेक त्रिपाठी. आपल्याकडे ज्याला ग्रामसेवक म्हणत आलो, साधारण ते पद. पगार महिना वीस हजार, राहायची सोय पंचायत कार्यालयातच, आणि पहिल्याच दिवशी कार्यालयाला कुलूप नि किल्ली हरवलेली.

पहिल्या सीझनमध्ये प्रत्येक भागाला कामातलाच एक छोटा अडथळा आहे. सौरदिवे कुठे लावायचे? कुटुंबनियोजनाची सरकारी घोषणा भिंतीवर रंगवली आणि गाव चिडलं, आता काय? संगणकाचा मॉनिटर चोरीला गेला, फिर्याद कशी द्यायची? सचिवाने स्वतःसाठी चाकाची खुर्ची मागवली आणि तिच्यावरून गावातल्या लग्नात रुसवा झाला. ज्याने कधी तालुक्याच्या कचेरीत किंवा ग्रामपंचायतीत दाखल्यासाठी खेपा घातल्यात त्याला या गोष्टी किरकोळ वाटणार नाहीत. गावातली सत्ता अशाच गोष्टींतून चालते.

या सीझनचा शेवटचा भाग मी कोणालाही आवर्जून पाहायला सांगेन. फुलेराची प्रधान कागदोपत्री मंजू देवी आहे, पण कारभार तिचा नवरा बघतो आणि सगळं गाव त्यालाच 'प्रधानजी' म्हणतं. जिल्हाधिकारी बाईंच्या हे लक्षात येतं आणि सव्वीस जानेवारीला झेंडा मंजू देवीनेच फडकवला पाहिजे असा हुकूम निघतो. मग राष्ट्रगीत पाठ करण्याची धडपड सुरू होते. नीना गुप्ता हे सगळं इतक्या साधेपणाने करते की भाषण नाही, घोषणा नाही, तरी ७३ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून बायकांना दिलेल्या जागांचं प्रत्यक्षात काय झालं हे एकाच भागात समोर येतं. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत आणि 'सरपंचपती' हे आपल्याकडचंही ओळखीचं पात्र आहे. फुलेरा आपल्यापासून लांब नाही.

पुढच्या सीझनांबद्दल मात्र माझं मत घसरत गेलं. दुसऱ्याचा शेवट हेलावून टाकतो. फैसल मलिकने केलेला प्रल्हाद विसरता येत नाही. पण तिसऱ्यापासून आमदाराशी वैर, गोळीबार, निवडणूक असं राजकारण वाढत गेलं, आणि चौथ्यात तर दुधी आणि प्रेशर कुकर या निवडणूक चिन्हांच्या लढाईत सचिवाचं कार्यालय जवळजवळ नाहीसंच झालं. सचिव सचिवाचं काम करेनासा झाला आणि मालिकेची पकड सुटली. पहिले दोन सीझन मनापासून पाहा, पुढचे त्या माणसांवर जीव जडला असेल तर.

पोलिसांच्या मालिका ढिगाने आहेत आणि त्यातल्या बऱ्याच सारख्याच दिसतात. त्यांतून वेगळ्या काढाव्यात अशा तीन. 'दिल्ली क्राइम'चा रिची मेहताने केलेला पहिला सीझन २०१९ मध्ये नेटफ्लिक्सवर आला आणि पुढच्या वर्षी उत्कृष्ट नाट्यमालिकेचं आंतरराष्ट्रीय एमी मिळवणारी ती पहिली भारतीय मालिका ठरली. डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतल्या अत्याचाराचा तपास तिच्यात आहे, पण अत्याचाराचं दृश्य नाही. तिच्यात दिसतात न झोपलेले पोलीस, ठाण्यात जाणारी वीज, अपुरी वाहनं, आणि आरोपींच्या मागावर बसने, ट्रेनने निघालेली माणसं. शेफाली शाहची वर्तिका चतुर्वेदी थकलेली असते आणि मालिका तिचा थकवा लपवत नाही. नंतरचे सीझनही नीटनेटके आहेत, पण पहिल्याची धार त्यांना नाही.

दुसरी 'पाताल लोक'. तिच्याविषयी मराठी वाचकाला थोडा अधिक ओढा वाटायला हवा, कारण 'किल्ला' हा मराठी चित्रपट करणारा अविनाश अरुण तिच्या पहिल्या सीझनचा सहदिग्दर्शक होता आणि जानेवारी २०२५ मध्ये आलेला दुसरा संपूर्ण सीझन त्याने दिग्दर्शित केलाय. 'किल्ला'मधला कोकणातला पाऊस ज्यांच्या डोळ्यांत राहिलाय त्यांना इथलं नागालँड त्याच नजरेने टिपलेलं दिसेल. धुकं नुसतं सुंदर नाही, त्यात माणूस हरवतो. लेखक सुदीप शर्मा. जमनापारच्या ठाण्यातला हाथीराम चौधरी ही जयदीप अहलावतची आयुष्यभर लक्षात राहणारी भूमिका आहे. पहिल्या सीझनमध्ये त्याच्या हाताखाली काम करता करता यूपीएससीची तयारी करणारा अन्सारी दुसऱ्यात आयपीएस होऊन त्याचा वरिष्ठ बनून येतो. आता एकमेकांना हाक कशी मारायची, गाडीत कोण कुठे बसणार, हुकूम कोण देणार? कालपर्यंत ज्याला शिकवलं त्याला आज सलाम करायचा, हे सरकारी नोकरीत हजारोंच्या वाट्याला येतं. पडद्यावर इतक्या हळुवारपणे ते क्वचितच आलंय. दुसऱ्या सीझनमध्ये नागामीज भाषा भरपूर आहे आणि तिचं हिंदीकरण न करण्याचा निर्णय मला फार मोलाचा वाटला.

तिसरी 'कोहरा' (नेटफ्लिक्स, २०२३). तिच्यामागेही सुदीप शर्मा आहे. भाषा बहुतांश पंजाबी आणि पहिला सीझन अवघा सहा भागांचा. सुविंदर विकीचा बलबीर सिंग बघा. तपासात जितका बारकाईने माणसं वाचतो तितकाच घरात आंधळा.

अलीकडच्या भारतीय मालिकांत मला सगळ्यात महत्त्वाची वाटली ती 'ब्लॅक वॉरंट'. विक्रमादित्य मोटवानी आणि सत्यांशु सिंग यांची ही सात भागांची मालिका जानेवारी २०२५ मध्ये नेटफ्लिक्सवर आली. तिहार तुरुंगात अनेक वर्षं अधिकारी राहिलेल्या सुनील गुप्ता यांनी पत्रकार सुनेत्रा चौधरी यांच्यासोबत लिहिलेल्या पुस्तकावर ती आधारलेली आहे. काळ १९८० च्या दशकाचा. शशी कपूर यांचा नातू जहान कपूर याने केलेला सुनील गुप्ता अंगाने किरकोळ, स्वभावाने सभ्य, शिवी तोंडात न येणारा. अशा मुलाला सहायक अधीक्षक म्हणून तिहारमध्ये पाठवलं की काय होईल, एवढाच प्रश्न मालिका घेते आणि त्याचं उत्तर शोधत जाते.

तुरुंग म्हटलं की आपल्या पडद्यावर कैदी नायक असतो, पळून जाण्याचा बेत असतो. इथे जेलर नोकरदार आहेत. त्यांना ड्यूटी असते, क्वार्टर असतं, लग्नासाठी मुली बघायच्या असतात. कैद्यांच्या टोळ्या, रेशनमधली गळती, चादरी-ब्लँकेटांत खाल्ले जाणारे पैसे हे सगळं त्यांच्या रोजच्या कामाचा भाग. खुनाबद्दल दोषी ठरलेल्या बिल्ला आणि रंगा यांना ३१ जानेवारी १९८२ रोजी फाशी झाली, त्यावरचा भाग अंगावर येतो, आणि त्याचं कारण फाशी नाही. कारण आहे तिची तयारी. दोर मागवणं, कैद्याच्या वजनावरून दोराची लांबी काढणं, जल्लादांची बडदास्त ठेवणं, वेळेचा हिशेब, डॉक्टरची सही. एका माणसाला मारायचं सरकारी काम नियमावलीच्या कलमाकलमाने होत जातं आणि ते करणारे नवखे अधिकारी आतून बदलतात. फाशीच्या बाजूने किंवा विरुद्ध एकही भाषण नाही. कायद्याची पदवी घेतलेला गुप्ता कैद्यांना कायदेशीर मदत मिळावी म्हणून धडपडतो, तेव्हा कळतं की तुरुंगातल्या कितीतरी माणसांचा खटलाच उभा राहिलेला नाही. राहुल भटचा उपअधीक्षक तोमर हे पात्रही असंच वाढत जातं. सुरुवातीला तो खलनायक वाटतो, शेवटाकडे तो या यंत्रणेने घडवलेला माणूस वाटतो.

पैशाच्या व्यवहारावरची मालिका म्हणाल तर 'स्कॅम १९९२' अजून मागे पडलेली नाही. हंसल मेहताची ही दहा भागांची मालिका ऑक्टोबर २०२० मध्ये सोनी लिव्हवर आली. आधार सुचेता दलाल आणि देबाशिस बसू यांच्या पुस्तकाचा. बँकांना ठेवींच्या ठरावीक प्रमाणात सरकारी रोखे बाळगावेच लागत. रोखे कमी पडले की एक बँक दुसरीकडून थोड्या दिवसांच्या बोलीवर घेई. प्रत्यक्ष रोखे हलत नसत, त्यांच्या जागी बँक रिसीट फिरे. मधला दलाल चेक आपल्या खात्यात जमा करून घेई आणि तो पैसा शेअर बाजारात जाई. पुढे तर मागे रोखे नसतानाच रिसिटा निघू लागल्या. अशा पोकळ रिसिटा ज्या दोन बँकांच्या नावाने निघाल्या त्यांत आपली बँक ऑफ कराड होती. हा सगळा गुंता मालिका संवादांतून, लोकांच्या टेबलांवरून समजावते आणि तो समजतोही. तिची एक खोट मला खटकते: हा खेळ करणाऱ्या दलालाच्या, हर्षद मेहताच्या, ती प्रेमात पडते. संगीत त्याच्यासाठी वाजतं, जिंकण्याची नशा त्याच्या वाट्याला येते. म्हणून श्रेया धन्वंतरीने केलेल्या पत्रकार सुचेता दलाल यांच्याकडे जास्त लक्ष द्या. फोन, नकार, पुन्हा फोन, कागदाची खातरजमा असं बातमी मिळवण्याचं कंटाळवाणं, चिकाटीचं काम तिच्या वाट्याचं आहे. २३ एप्रिल १९९२ ला घोटाळ्याची बातमी छापून आली त्यामागे काय होतं ते त्यातून कळतं.

'ट्रायल बाय फायर' (नेटफ्लिक्स, जानेवारी २०२३) पाहायला धीर लागतो. १३ जून १९९७ रोजी दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात आग लागली, ५९ माणसं गेली. त्यांत नीलम आणि शेखर कृष्णमूर्ती यांची दोन्ही मुलं होती. मालिका या दोघांची आहे, आणि नीलमची भूमिका आपल्या राजश्री देशपांडेने केलीय. दुःख म्हणजे रडणं एवढंच तिने धरलेलं नाही. ही बाई कागद जमवते, कायद्याची पुस्तकं वाचते, इतर मृतांच्या घरी जाऊन दार वाजवते, नकार ऐकते, पुन्हा जाते. न्याय मागणं हेच तिचं काम होऊन बसतं, वर्षानुवर्षं. आणि मग मालिका मध्येच एक विलक्षण गोष्ट करते. ज्या ट्रान्सफॉर्मरमुळे आग लागली त्याची त्याच दिवशी सकाळी दुरुस्ती करून गेलेल्या वीजमंडळाच्या कर्मचाऱ्याच्या घरी ती जाते. राजेश तैलंगने तो माणूस केलाय. योग्य यंत्र हाताशी नसताना केबलचं टोक हातोडीने ठोकून बसवलं आणि पुढच्या कामाला गेला, असा माणूस. त्याला दुष्ट ठरवणं सोपं होतं. मालिका त्याची नोकरी, घर आणि त्याला भोगावं लागलेलं सगळं दाखवते, आणि ज्यांच्या हातात तिजोरी आणि निर्णय होते ते किती सहज निसटतात तेही. 'काम चालवून घेणं' ही आपली सवय कुठवर जाऊ शकते याचा इतका थेट पुरावा दुसरा नाही.

ज्यांना घरच्यांसोबत बसून पाहायचंय त्यांच्यासाठी 'गुल्लक'. सोनी लिव्हवर २०१९ ते २०२४ असे चार सीझन झाले, प्रत्येक पाच भागांचा. मिश्रांच्या घरातलं मातीचा गल्ला गोष्ट सांगतो. बाप वीज खात्यात कारकून, मोठा मुलगा परीक्षांच्या मागे आणि नंतर औषध कंपनीच्या नोकरीत, धाकटा शाळेत. आई शांती मिश्रा म्हणजे गीतांजली कुलकर्णी. 'कोर्ट' चित्रपटातली सरकारी वकील आठवत असेल. शांतीचं नाव कोणत्याच हजेरीपटावर नाही, पण तिची ड्यूटी सगळ्यात मोठी, आणि गीतांजली ती बोलण्यातून कमी, ओट्यापाशी वावरताना जास्त दाखवते.

आता परदेशी. इथे निवड खूप आहे, म्हणून जिच्यासाठी सगळ्यात जास्त जागा द्यावीशी वाटते तिच्याबद्दल आधी. 'मिस्टर बेट्स व्हर्सेस द पोस्ट ऑफिस' ही ब्रिटनच्या आयटीव्हीवर जानेवारी २०२४ मध्ये दाखवलेली चार भागांची मालिका. ब्रिटनमधल्या गावोगावच्या पोस्टाच्या शाखा बऱ्याचदा छोटे दुकानदार चालवतात. एका बाजूला ब्रेड-दूध, दुसऱ्या बाजूला पोस्टाची खिडकी. त्यांतली कितीतरी दुकानं भारतीय वंशाच्या कुटुंबांची. फुजित्सू कंपनीने बनवलेली होरायझन नावाची संगणकप्रणाली या शाखांत बसवली आणि हिशेबात तूट दिसू लागली. करारानुसार तूट दुकानदाराने भरायची. अनेकांनी घरं गहाण ठेवून भरली. तक्रार केली तर सांगितलं जाई की असं फक्त तुमच्याच शाखेत होतंय. १९९९ ते २०१५ या काळात नऊशेहून अधिक जण चोरी, अफरातफर किंवा खोट्या हिशेबाबद्दल दोषी ठरले. काही तुरुंगात गेले, काहींनी जीव दिला. दोष प्रणालीतच होता.

पहिल्या भागातला एक प्रसंग. जो हॅमिल्टन ही खेड्यातली दुकानदार संध्याकाळी हिशेब बंद करतेय, दोन हजार पौंडांची तूट दिसतेय. ती मदतीच्या नंबरवर फोन लावते. पलीकडची बाई एकेक कळ दाबायला सांगते, ही दाबत जाते, आणि तिच्या डोळ्यांदेखत तुटीचा आकडा दुप्पट होतो. मोनिका डोलनचा चेहरा त्या क्षणी पाहावा. आपल्या प्रामाणिकपणावरचा तिचा स्वतःचाच विश्वास डळमळतो. बँकेतला कॅशिअर, पोस्टातला बाबू, पतसंस्थेचा कारकून, रोज संध्याकाळी ज्याला पैशाचा मेळ घालावा लागतो अशा कोणालाही तो प्रसंग पोटात ढवळून टाकेल. टोबी जोन्सने केलेला अॅलन बेट्स आरडाओरडा करत नाही, फायली जपून ठेवतो. त्याच्या मागे ५५५ जण उभे राहिले आणि त्यांनी उच्च न्यायालयात दावा जिंकला, तरी देश फारसा हलला नव्हता. मालिका दाखवल्यावर मात्र लोक इतके खवळले की मे महिन्यात संसदेने कायदाच करून शेकडो जणांवरचा कलंक एका फटक्यात पुसला. वृत्तपत्रांनी वर्षानुवर्षं लिहिलेलं, न्यायालयात सिद्ध झालेलं. पण चार संध्याकाळी त्या माणसांच्या खिडकीमागे बसवलं तेव्हा लोकांना ते आपलं वाटलं. मालिकेच्या ताकदीबद्दल कोणाला शंका असेल तर हे एक उदाहरण पुरे.

'द पिट' ही अमेरिकी मालिका २०२५ ची. उत्कृष्ट नाट्यमालिकेचं एमी तिने मिळवलं. पिट्सबर्गमधल्या एका रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागातली पंधरा तासांची एक पाळी, पंधरा भागांत, एक भाग म्हणजे एक तास. नोआ वायली हा 'ईआर'मधला १९९४ चा शिकाऊ डॉक्टर इथे विभागप्रमुख आहे. वरच्या मजल्यावर खाटा नाहीत म्हणून पेशंट खालीच अडकलेत, बाहेर थांबलेल्यांचा संयम संपतोय, आणि डॉक्टरला एका मृत्यूनंतर दुसऱ्या पडद्याआड जायला दोन मिनिटं मिळतात. भावनेला उचलून धरणारं पार्श्वसंगीत जवळपास नाही. त्यामुळे जे होतं ते आपल्यासमोर होतं. रक्त बघवत नसेल त्यांनी मात्र वाट्याला जाऊ नये.

'अॅडॉलसन्स'बद्दल मार्च २०२५ पासून इतकं बोललं गेलंय की कथा सांगायची गरज नाही. तेरा वर्षांच्या मुलाला वर्गातल्या मुलीच्या खुनाच्या आरोपावरून अटक होते, चार भाग, प्रत्येक भाग एका सलग चित्रीकरणात. चर्चा झाली ती मुलं, मोबाइल आणि मुलींविषयीचा द्वेष यांची, आणि ती व्हायलाच हवी होती. पण मला तिच्यात कामाची माणसंही तितकीच दिसली. पहिल्या भागात झडती, रक्ताचा नमुना, वकील, पालकाची हजेरी असं सगळं पोलीस किती सौजन्याने करतात, आणि त्या सौजन्यामुळेच भीती वाढते. तिसरा भाग म्हणजे मानसशास्त्रज्ञ बाई आणि तो मुलगा, एका खोलीत. ती त्याच्यासाठी हॉट चॉकलेट आणि सँडविच घेऊन आलीय. तिला त्याच्याशी जवळीक साधायची आहे आणि अहवालही लिहायचा आहे. शेवटी तो विचारत राहतो, मी तुला आवडतो का, आणि तिच्या पेशात त्या प्रश्नाला उत्तर देता येत नाही. ओवेन कूपरने त्या मुलाची भूमिका केली आणि पंधराव्या वर्षी एमी मिळवलं. आठवी-नववीतल्या मुलांच्या आई-बापांनी ही आधी स्वतः पाहावी, मग मुलांसोबत बोलावं.

आणखी तीन नावं धावती. 'द बेअर'चे पहिले दोन सीझन: शिकागोतलं एक सँडविचचं दुकान आणि स्वयंपाकघरातली शिस्त, तिसऱ्यापासून ती स्वतःभोवतीच फिरू लागते. 'स्लो हॉर्सेस': चुका केलेल्या ब्रिटिश हेरांना ज्या कचेरीत अडगळीत टाकतात तिथली गोष्ट, आणि गॅरी ओल्डमन. 'सेव्हरन्स': ऑफिसातली आठवण ऑफिसात, घरची घरी, अशी मेंदूचीच फाळणी केलेले कर्मचारी, पहिला सीझन जास्त घट्ट.

मराठीचं काय, हा प्रश्न मला टोचतो. आपल्या रोजच्या मालिकांत नायकाची 'कंपनी' असते, पण ती बनवते काय ते वर्षभर कळत नाही. 'मीटिंग' असते, 'टेंडर' असतं, आणि सगळं घडतं दिवाणखान्यात. यात कलाकारांचा दोष नाही. आठवड्याला सहा-सात भाग, चित्रीकरण आणि प्रक्षेपण यांत मोजक्या दिवसांचं अंतर, दर आठवड्याला येणारा टीआरपी, आणि भाड्याने उभा केलेला एक सेट. लेखकाने एसटीच्या डेपोत किंवा बाजार समितीत चार दिवस घालवावेत अशी सवडच या गणितात नाही. पूर्वी थोडं वेगळं होतं. दूरदर्शनच्या 'दामिनी'ची नायिका पत्रकार होती, 'आभाळमाया'तली सुधा शिकवायला जात होती, आणि त्यांच्या कामामुळे गोष्ट पुढे सरकत होती.

ओटीटीवर मराठीची हजेरी तुटपुंजी आहे, तरी तिथे दोन नावं आहेत. 'आणि काय हवं?' हा प्रिया बापट आणि उमेश कामत यांचा संसार, दिग्दर्शक वरुण नार्वेकर. पहिलं घर, पहिली गाडी असे छोटे छोटे भाग, आणि दोघांच्या बोलण्यातला खरा मध्यमवर्गीय हिशेब. दुसरी 'मानवत मर्डर्स' (सोनी लिव्ह, २०२४), दिग्दर्शक आशिष बेंडे. १९७२ पासून परभणी जिल्ह्यातल्या मानवतमध्ये झालेल्या हत्यांचा तपास, त्यासाठी मुंबईहून गेलेले पोलीस अधिकारी रमाकांत कुलकर्णी, त्यांच्याच आठवणींचा आधार. आशुतोष गोवारीकरने कुलकर्णी फार संयमाने केलेत, आणि मकरंद अनासपुरेला विनोदी साच्याबाहेर पाहणं हा मोठाच आनंद आहे. गुप्तधनाच्या अंधश्रद्धेचा भाग कधीकधी भडक होतो. पण गावात तळ ठोकून, माणसांची भाषा समजून घेत, एकेक जबाब जुळवत चाललेला तपास जिथे दिसतो तिथे ती चांगलीच उभी राहते.

साखर कारखान्याच्या एका गाळप हंगामाची गोष्ट, सदाशिव पेठेतली एमपीएससीची अभ्यासिका, जिल्हा रुग्णालयातली रात्रपाळी, गिरणी बंद पडल्यानंतरची लालबाग-परळमधली घरं, एवढा ऐवज पडून आहे. अविनाश अरुण, राजश्री देशपांडे, गीतांजली कुलकर्णी ही माणसं आपलीच आहेत आणि हिंदीत उत्तम काम करतायत. मराठीत कमी आहे ती त्यांना आठ भागांचा वेळ आणि त्याआधी सहा महिने गावात हिंडायचे पैसे देणाऱ्याची. प्रेक्षक नाही, ही सबब मला पटत नाही. 'कोर्ट' आणि 'किल्ला' पाहणारा प्रेक्षक कुठे गेलेला नाही.

पाहताना एक सांगणं. या मालिका एका रात्रीत संपवू नका. 'ट्रायल बाय फायर' आणि 'ब्लॅक वॉरंट' दिवसाला एक भाग या बेताने पाहिल्या तर त्यातली माणसं मधल्या वेळात सोबत राहतात. शिव्या आणि हिंसा बऱ्याच ठिकाणी आहे. लहान मुलं घरात असतील तर 'गुल्लक' आणि 'पंचायत'पासून सुरुवात करा. आणि भाषा मूळचीच ठेवा, खालची अक्षरं वाचण्याचा कंटाळा करू नका. 'कोहरा' पंजाबीत, 'पाताल लोक'मधली नागालँडची माणसं नागामीजमध्ये, आणि केरळच्या जंगलातल्या हस्तिदंताच्या चोरट्या शिकारीवरची रिची मेहताची 'पोचर' मल्याळममध्ये. ही शेवटची अॅमेझॉन प्राइमवर आहे, फेब्रुवारी २०२४ ची, आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं गेलं. वनखात्याच्या शिपायापासून अधिकाऱ्यापर्यंत सगळे तिच्यात स्वतःच्या गाडीत डिझेल टाकून तपास करणाऱ्या माणसांसारखे दिसतात. या यादीतली एकच पाहायला वेळ असेल, आणि 'पंचायत' आधीच पाहून झालेली असेल, तर ही लावा.